गुरुवारचा उपास, प्रसादाची वाटी आणि आपली प्रकृती

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की आपल्या घरांतलं वेळापत्रक बदलतं. गुरुवारी महालक्ष्मीचा घट, आठवडाभर श्रीगुरुचरित्राचं पारायण, पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा आणि त्यानंतर महाप्रसाद. आमच्या बोरीवलीत तर एका वस्तीचं नावच दत्तपाडा आहे. या दिवसांत संध्याकाळी रस्त्याने निघालं की एका इमारतीतून आरती ऐकू येते आणि दुसरीतून साबुदाण्याच्या वड्याचा वास येतो. आजचा पाठ या दोन्हींबद्दल आहे. भक्तीला धक्का न लावता पोटाचं काय करावं, हा त्याचा विषय.

हा पाठ मी स्वतः उशिरा शिकलो. कसा, ते आधी सांगतो.

मी निवृत्त शिक्षक. मधुमेह होऊन बारा वर्षं झाली. गुरुवारचा उपास मात्र चाळीस वर्षांचा, म्हणजे मधुमेहाहून थोरला. काही वर्षांपूर्वी दत्तजयंतीच्या सप्ताहाला बसलो. नेहमीप्रमाणे सकाळी साडेसहाला साखरेची गोळी घेतली, वर कपभर दूध, आणि सातला पोथी उघडली. भोजन एकभुक्त, तेही वाचन संपल्यावर. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला, पोथीतली अक्षरं एकमेकांवर चढू लागली. मला वाटलं, गुरुमाउलीची कृपा झाली, हे रोमांच आहेत! सूनबाईंनी मात्र चेहरा बघितला आणि यंत्र आणून बोटाला टोचलं. आकडा आला ५२. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून तोंडाला लावली. पंधरा मिनिटांनी आकडा ८८ झाला आणि अक्षरं जागेवर आली.

"बाबा, महाराज पावले, पण गोळी नाही पावली," एवढंच त्या म्हणाल्या.

गोळी मी अनेक वर्षं घेत होतो आणि उपासही अनेक वर्षं करत होतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल हे ध्यानीमनीही नव्हतं. चूक माझीच. डॉक्टरांना मी उपासाबद्दल कधी सांगितलंच नव्हतं. आपला देवधर्म डॉक्टरांना काय सांगायचा, असं वाटायचं.

१. दत्तगुरूंचे गुरू जिभेबद्दल काय सांगतात

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत, हे आपण सगळे जाणतो. त्यांतले निदान तीन गुरू थेट जेवणाचा धडा देतात.

मासा गळाला लागतो तो जिभेपायी. बाकीची इंद्रियं उपाशी राहिली की नरम पडतात, जीभ मात्र उपाशी राहिली की जास्तच चेकाळते, असं अवधूत सांगतो. उपासाच्या दिवशी खिचडीची आठवण इतर दिवसांपेक्षा जास्त का येते, त्याचं उत्तर इथेच आहे.

भ्रमर एका फुलावर ओझं टाकत नाही, थोडंथोडं अनेक फुलांतून घेतो. यालाच आपण माधुकरी म्हणतो. थोडं आणि अनेक प्रकारचं, हे आजचे आहारतज्ज्ञही सांगतात.

समुद्र पावसाळ्यात फुगत नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही. आपलं मात्र बुधवारी रात्री 'उद्या उपास आहे' म्हणून दोन घास जास्त, आणि गुरुवारी रात्री 'आज उपास होता' म्हणून चार घास जास्त. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही.

२. उपासाचे पदार्थ आले कुठून?

ही गंमत ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि हिरवी मिरची या पाचांशिवाय आपला उपासाचा फराळ होत नाही. आणि या पाचांचंही मूळ घर अमेरिका खंड! कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर पोर्तुगीज वगैरे व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ही पिकं हळूहळू आपल्याकडे आली. श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांचा काळ त्याच्या आधीचा. म्हणजे महाराज गाणगापुरी असताना तिथल्या कोणाही भक्ताने साबुदाण्याची खिचडी पाहिलेली नव्हती.

साबुदाणा हे नाव मूळ मलायाकडच्या सागू नावाच्या ताडासारख्या झाडावरून आलं. त्या झाडाच्या गाभ्यातून पिष्ट काढत. आज आपण खातो तो साबुदाणा त्या झाडाचा नव्हे. तो टॅपिओका नावाच्या कंदाचा असतो आणि मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. कंद सोलून, किसून, पाण्यात कालवून खाली बसलेलं सत्त्व घेतात, त्याचे दाणे वळतात, भाजतात आणि वाळवतात. या सगळ्यात चोथा निघून जातो आणि उरतं जवळजवळ निव्वळ पिष्ट.

साबुदाणा वाईट आहे असं मी म्हणत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला, लहान मुलाला साबुदाण्याची पातळ लापशी देतात ती पचायला हलकी असते म्हणूनच. पण जी गोष्ट झटकन पचते ती झटकन रक्तात साखर होऊन उतरते. मधुमेह्याला हाच हलकेपणा जड जातो.

३. एका ताटलीचा हिशेब

शाळेत गणित शिकवलं, तेव्हा हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

एका माणसाच्या भरपेट खिचडीला साधारण ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा लागतो. त्यात ६५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं, प्रथिनं नावापुरती आणि चोथा जवळपास शून्य. एका मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर तीत सुमारे २० ग्रॅम पिष्ट असतं. म्हणजे एक ताटली खिचडी ही पिष्टाच्या दृष्टीने तीन पोळ्यांहून जास्त झाली. वर अर्धा बटाटा, मूठभर दाण्याचं कूट आणि तूप. सगळं मिळून ६०० कॅलरींच्या घरात जातं. पोळीबरोबर भाजी असते, आमटी असते. खिचडीबरोबर फार तर दह्याची वाटी, आणि नंतर "थोडं गोड" म्हणून एखादा पेढा.

यात दाण्याचं कूट हा त्यातल्या त्यात चांगला भाग. शेंगदाण्यात चौथा हिस्सा प्रथिनं असतात आणि त्याने पिष्टाचं पचन थोडं सावकाश होतं. पण स्निग्धांश भरपूर, म्हणून मूठ लहान ठेवावी.

आता बदली खेळाडू बघू. राजगिऱ्यात १०० ग्रॅममागे १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत, शिवाय लोह आणि कॅल्शियम. राजगिऱ्याची भाकरी, किंवा भाजलेल्या राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, हा उत्तम फराळ. पाकातला लाडू मात्र साखरेच्या खात्यात धरावा. शिंगाड्याचं पीठ, वरीचे तांदूळ, ताक, एखादं पेरू, पपईची फोड, काकडीची कोशिंबीर ही सगळी उपासाला चालतात, पण आपण ती 'बाजूला थोडी' घेतो. ती मध्ये आणा आणि साबुदाणा बाजूला जाऊ द्या.

वरीबद्दल, म्हणजे भगरीबद्दल, एक सावधगिरी. २०२४च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सप्ताहातला एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यावर शेकडो भाविकांना उलट्या-जुलाब झाले. जागा पुरेना म्हणून उघड्यावर दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. भगर ओलसर जागी राहिली की तिला बुरशी धरते, आणि पीठ करून ठेवलं तर लवकर धरते. म्हणून पीठ विकत आणू नये. सुटी भगर न घेता तारीख असलेलं बंद पाकीट घ्यावं, निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवावी, शिजवून गरम असतानाच संपवावी. मंदिरात मोठ्या पातेल्यात प्रसाद करणाऱ्या सेवेकऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

४. "मी तर बारीक आहे, मला काय होणार?"

आपल्या पिढीत हे वाक्य फार ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं उत्तर स्वतःच्या शरीरावरून दिलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडमधले त्यांचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला सडपातळ असलो तरी आतून, विशेषतः पोटाभोवती, चरबी बाळगून असतो. स्नायू कमी, चरबी जास्त.

देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३.६ कोटी. तेव्हा काटा बघून निश्चिंत होऊ नये. कमरेचं माप आणि वर्षातून एकदा रक्ताची तपासणी, ही दोन साक्षीदारं जास्त खरी.

५. चार गोड गैरसमज

*"साखर नको, गूळ चालेल."* गुळात लोहाचा अंश असतो हे खरं. पण तो खाल्ल्यावर रक्तातली साखर जवळपास साखरेइतकीच वाढते. मध आणि खजूर यांचंही तेच. पसंत असेल तर गूळ घ्या, पण मोजून.

*"उपासाचं सैंधव रक्तदाबाला चालतं."* सैंधवही मुख्यतः मीठच, सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, वेफर, फरसाण सगळं आलं. शिवाय सैंधवात सहसा आयोडीन मिसळलेलं नसतं, म्हणून रोजच्या स्वयंपाकात तेच वापरणं बरं नव्हे.

*"उपासाला चहा चालतो."* चालतो, पण किती? दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसाला वरून घातलेली साखर २५ ते ३० ग्रॅमच्या आत हवी. काही न खाताच मर्यादा ओलांडली!

*"शहाळं आणि केळं तर देवाघरचं, त्याने काय होणार?"* निरोगी माणसाला काही होणार नाही. पण ज्यांची मूत्रपिंडं अशक्त आहेत त्यांना या दोन्हींतलं पोटॅशियम घातक ठरू शकतं. बाजारातल्या 'कमी सोडियम' मिठातही पोटॅशियमच असतं. अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही घेऊ नये.

६. औषधाने व्रत मोडत नाही

आता मुख्य मुद्दा. आपल्यातल्या कित्येकांच्या उशाशी गोळ्यांचा डबा आहे. इन्शुलिन घेणारे आणि साखर खाली खेचणाऱ्या काही गोळ्या घेणारे यांनी औषध घेतलं आणि खाल्लं नाही, तर साखर धोक्याइतकी उतरते. सत्तरच्या खाली आकडा म्हणजे इशारा. लक्षणं माझ्यासारखीच असतात: थरथर, घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, गरज पडली तर पुन्हा द्यावी, आणि बरं वाटताच काही खायला घालावं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा.

उलट काही जण उपास म्हणून गोळीच चुकवतात आणि संध्याकाळी खिचडीवर बसतात. मग साखर अडीचशेच्या पलीकडे. रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबरही नको म्हणणारेही मी पाहिले आहेत.

पण धर्म काय सांगतो? पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही, असं आपलं शास्त्रच सांगतं. बालक, वृद्ध, आजारी यांना सवलतही शास्त्रानेच दिली आहे. मग देवाने दिलेली सूट आपण का नाकारायची? त्यात भक्ती किती आणि हट्ट किती, हे ज्याचं त्याने बघावं. माझ्या बाबतीत हट्टच होता.

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सगळीकडे पोचवलेली दोनदाच जेवण्याची पद्धत आपल्यातले बरेच जण करतात. ती करणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. औषध चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी औषधाच्या मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

७. प्रसादाची वाटी

प्रसादाला नाही म्हणू नये, हे खरं. पण प्रसाद किती घ्यावा हे कुठेही लिहिलेलं नाही. सव्वाच्या मापाच्या शिऱ्यात रवा, साखर आणि तूप सारखंच असतं. तो बोटाच्या पेरावर घेतला तरी प्रसाद आणि वाडगाभर घेतला तरी प्रसाद. आमच्या घरी वाडीहून कोणी आलं की पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी येते. पूर्वी मी प्रत्येकाची वेगवेगळी चव बघायचो. आता एका पेढ्याचे चार भाग होतात, एक माझा. उरलेले तीन शेजारी वाटले जातात, आणि वाटण्यात पुण्यही आहेच.

महाप्रसादाच्या पंगतीत वाढणाऱ्यांनाही विनंती. "घ्या हो, महाराजांचा प्रसाद आहे, काही होत नाही," असा आग्रह साठीच्या वरच्या माणसाला करू नका. प्रेमाने होतो तो आग्रह, पण रात्री साखर तपासताना तुम्ही शेजारी नसता.

८. घेवड्याची शेंग

श्रीगुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली गोष्ट आपल्याला पाठ आहे. अमरापूरचा तो दरिद्री ब्राह्मण. भिक्षा मिळाली नाही तर दारातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगा शिजवून कुटुंब जगवायचा. महाराज त्याच्या दारी भिक्षेला आले, त्याच शेंगांवर तृप्त झाले, जाताना वेल उपटला, आणि त्या मुळाशी द्रव्याने भरलेला कुंभ निघाला. म्हणूनच दत्ताच्या नैवेद्यात घेवड्याची भाजी असते.

आहाराच्या अंगानेही ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पक्वान्नाच्या घरी न जाता महाराज शेंगांच्या घरी गेले. शेंगभाजीत चोथा आहे, प्रथिनं आहेत, आणि पिष्ट सावकाश उतरतं. आपल्या वयाला नेमकं हेच लागतं. साठीनंतर स्नायू झिजतात, चालताना तोल जातो, पडलं की हाड मोडतं. अशा वेळी "म्हाताऱ्यांना काय, दूधभात पुरे" हे बरोबर नव्हे. दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दही, ताक यांपैकी काही असलंच पाहिजे. मांसाहार करणाऱ्यांनी एरवीच्या वारी अंडं किंवा मासळी घ्यावी. वरण-भात हे जोडपं आजीने उगाच जमवलेलं नाही. तांदळात जे प्रथिनघटक कमी पडतात ते डाळ भरून काढते आणि डाळीत कमी ते तांदूळ. फक्त भाताचा डोंगर आणि वरणाचा ओढा असं न करता, उलटं करावं.

राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगते. एवढी भाजी आपल्या ताटात चटणीसारखी कोपऱ्यात बसून भरणार नाही. आपल्या बोरीवलीला याची वाण नाही. वसई-पालघरकडच्या बायका टोपल्या घेऊन येतात, पावसाळ्यात टाकळा, शेवळं, कंटोळी आणतात. ज्वारी, बाजरी, नाचणी कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळते. नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, दुधाच्या दुपटीहून जास्त. आठवड्यातून तीन दिवस पोळीऐवजी भाकरी, एवढंही पुष्कळ. आणि जेवल्यावर लगेच आडवं न होता घरातल्या घरात पंधरा मिनिटं शतपावली.

९. अकरा गुरुवारांचा नेम

पाठ वाचून ठेवून देण्यासाठी नसतो. म्हणून या दत्तजयंतीपासून अकरा गुरुवार एवढंच करून बघावं:

१. उपास सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा सांगावं: "मी गुरुवार करतो, गोळ्यांचं काय करू?"
२. साबुदाणा महिन्यातून एकाच गुरुवारी, तोही अर्धी ताटली आणि दह्याबरोबर. एरवी राजगिरा, शिंगाडा, वरी, फळ, ताक.
३. चहा दोनच कप, साखर अर्धा चमचा.
४. तळलेलं उपासाचं काही नाही. वेफर, चिवडा, वडे बंद.
५. उपास सोडताना पहिला घास भाजीचा किंवा उसळीचा, गोड शेवटी आणि चवीपुरतं.
६. बुधवारी रात्री आणि शुक्रवारी सकाळी नेहमीइतकंच जेवण. समुद्र हा गुरू आठवावा.
७. पारायणाला बसणाऱ्या मधुमेह्याने पोथीशेजारी साखरेची पुडी ठेवावी आणि घरच्यांना लक्षणं सांगून ठेवावीत.

वहीत वजन, कमर आणि साखर पहिल्या आणि अकराव्या गुरुवारी लिहावी. फरक दिसेल तो आपल्याच हातचा.

उपवास म्हणजे जवळ राहणं. देवाजवळ राहायचं तर चित्त जागेवर हवं, आणि चित्त जागेवर राहायला रक्तातली साखरही जागेवर हवी. त्या तिसऱ्या दिवसानंतर मी पारायण सोडलं नाही. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ जेवणाबरोबर केली, आणि वाचनाच्या मध्ये एकदा उठून दुधातल्या राजगिऱ्याच्या लाह्या घेतल्या. सातव्या दिवशी अवतरणिका वाचून पोथी मिटली तेव्हा हात थरथरत नव्हते. नैवेद्याला घेवड्याची भाजी होती. सूनबाईंनी पहिल्यांदा तीच वाढली.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥